प्रतिसाद: बेडसोअरची चिघळलेली जखम

तुम्ही सासऱ्यांच्या माकडहाडावरच्या, काळ्या पडलेल्या बेडसोअरबद्दल (सतत पडून राहून दाबाने होणारी जखम) विचारलंय, आणि कुणी ती धुवायला हायड्रोजन पेरॉक्साइड व खाली ठेवायला रबरी रिंग सुचवलीय. दोन्ही नकोच. पेरॉक्साइडने नवी येणारी लाल मांसपेशीही जळते. धुवायला नॉर्मल सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) पुरतं. रिंगमुळे भोवतालचा रक्तपुरवठा उलट दबतो.

काळी खपली म्हणजे मेलेली कातडी. खाली किती खोल गेलंय ते ती काढल्याशिवाय कळत नाही, तेव्हा सर्जनना दाखवाच. (टाचेवरची कोरडी, घट्ट खपली मात्र बहुधा तशीच ठेवतात.) जखमेच्या तळाशी हाड लागत असेल तर हाडात संसर्ग झालाय का, हेही तपासावं लागतं. खड्डा खोल असेल तर व्हॅक ड्रेसिंगबद्दल (यंत्राने जखमेतला स्राव ओढून घेणारी हवाबंद पट्टी) विचारा, पण ते मेलेला भाग काढल्यानंतरच.

एअर मॅट्रेस आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, हे लोक विसरतात. साधारण दर 2 तासांनी, पूर्ण कुशीवर नाही, 30 अंशांत कलतं, पाठीमागे उशी. सरकवताना ओढू नका, चादरीने उचला. प्रथिनं वजनाच्या किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. ताप, दुर्गंधी किंवा अचानक बरळणं दिसलं तर थेट हॉस्पिटल.