चढावर तापल्यावर बंद पडणारी जुनी पेट्रोल पिकअप : दोष इग्निशनचा की पेट्रोलचा?

देवरुख_एफसी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे काकांकडून आलेली १९६९ सालची महिंद्रा एफसी-१५० ही पेट्रोल पिकअप आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे हरिकेन एफ-१३४, चार सिलिंडरचे आहे. इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) जुन्या पद्धतीचे, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सरचे आहे आणि बॅटरी १२ व्होल्टची आहे. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते आणि सपाटीवर कसलीही तक्रार नसते. मात्र साखरप्याहून आंबा घाट चढू लागलो की निम्म्या चढावर मिसिंग सुरू होते, इंजिन दोन-चार आचके देते आणि बंद पडते. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी उपयोग होत नाही. पण अर्धा-पाऊण तास थांबले की काही झालेच नव्हते अशा थाटात गाडी पुन्हा चालू होते.

दसऱ्याच्या सुमारास जुन्या कॉइलमधून (प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचे व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) तेल झिरपत होते म्हणून नवी बारा व्होल्टची कॉइल बसवली. हा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. तेव्हापासून चारही प्लग, एचटी (प्लगला जाणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या) वायरी, डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाची) कॅप, रोटर आणि कंडेन्सर बदलून झाले आहेत. आता एक मिस्त्री कार्बोरेटर खोलायला सांगतात, तर दुसरे सगळा डिस्ट्रिब्युटरच काढून इलेक्ट्रॉनिक बसवा म्हणतात. आणखी खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसे शोधावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कोकणपेट्रोल

लक्षणे वाचून मला तरी हा पेट्रोलची वाफ होण्याचा प्रकार वाटतो. एफसीचे इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मधल्या डब्याखाली असते, त्यामुळे कमी गिअरमध्ये चढताना तिथली उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. पेट्रोल पंप आणि नळी तापली की पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफच ओढत बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि पंपाचा जुना डायफ्रॅम त्यासाठी बनवलेला नसतो. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की पंपावर ओले फडके टाकून पाहा.

जुना_फिटर

ओले फडके टाकायला हरकत नाही, पण त्याने निकाल लागत नाही, कारण फडके टाकून दहा मिनिटे थांबलात की तेवढ्यात कॉइलही थंड होते आणि गाडी नेमकी कशाने चालू झाली हे कळायला मार्ग राहत नाही. तापल्यावर पडणारा दोष थंड झाल्यावर सापडत नाही, म्हणून जी काही तपासणी करायची ती गाडी बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच करावी लागेल. त्यासाठी घरून निघतानाच एक जास्तीचा प्लग, दोन वायरींना चिमटे लावलेला ५ वॅटचा छोटा दिवा आणि एक पक्कड सोबत ठेवा. सेल्फ मारायला एक माणूसही लागेल.

गाडी बंद पडली की ती आधी बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. एअर क्लीनरची नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटर एकदा जोरात दाबायला सांगा. आत पेट्रोलची पिचकारी दिसली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, एवढे नक्की झाले. मग नळी परत बसवून जास्तीचा प्लग एका एचटी वायरीला लावा, त्याचे धातूचे अंग इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारायला लावा. जवळ पेट्रोल सांडलेले नाही ना, हे आधी पाहून घ्या. ठिणगी निळसर-पांढरी आणि टच्‌ असा आवाज करणारी असेल तर कोकणपेट्रोल म्हणतात त्या दिशेने जावे. ती पिवळट आणि बारीक असेल, किंवा मुळीच नसेल, तर दोष इग्निशनचा आहे आणि कार्बोरेटरला हात लावण्याचे कारण नाही.

ठिणगी नसेल तर दिव्याचे एक टोक अर्थला आणि दुसरे कॉइलच्या ज्या टोकाला डिस्ट्रिब्युटरकडून येणारी वायर जोडली आहे त्या टोकाला लावा. चावी चालू करून सेल्फ मारला की दिवा लुकलुकला पाहिजे, कारण पॉइंट उघडले की करंट दिव्यातून जातो आणि मिटले की ते टोक अर्थ होऊन दिवा विझतो. दिवा सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही काजळीमुळे करंट सोडत नाहीत. दिवा मुळीच पेटला नाही तर प्रथम कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे चावीकडून येणाऱ्या टोकावर तो लावून पाहा. तिथेही अंधार असेल तर चावी, अँमीटर किंवा मधली वायर तपासावी लागेल.

तिथे दिवा पेटत असेल तर डिस्ट्रिब्युटरकडची वायर कॉइलवरून सोडवा आणि त्याच मोकळ्या टोकावर पुन्हा पाहा. आता दिवा पेटला तर सोडवलेली वायर, कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतले काहीतरी अर्थ होत आहे. पॉइंटपर्यंत जाणारी आतली वीतभर वायर ब्रेकर प्लेटबरोबर (पॉइंट जिच्यावर बसतात ती) सतत हलते, त्यामुळे तिचे आवरण फाटते आणि बाहेरून ते कधीच दिसत नाही. वायर सोडवूनही दिवा पेटला नाही, तर कॉइलची प्रायमरी (बॅटरीचा करंट वाहणारी) गुंडाळी तापल्यावर आतून तुटते आहे.

एक विचारायचे राहिले. दसऱ्याला बसवलेली कॉइल कोणत्या गाडीची आहे आणि तिच्या मार्गात बॅलास्ट रेझिस्टर (करंट मर्यादित ठेवणारा रोध) आहे का? त्रास त्यानंतरच सुरू झाला, हे मला महत्त्वाचे वाटते.

देवरुख_एफसी

आपण सांगितल्याप्रमाणे काल घाटात तपासणी केली. कार्बोरेटरमध्ये पिचकारी व्यवस्थित दिसली, पण प्लगवर ठिणगी अजिबात नव्हती. चावीकडच्या टोकावर दिवा पेटला, डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकावर पेटला नाही, आणि वायर सोडवूनही पेटला नाही. कॉइल इतकी तापलेली होती की तिला हात लावून ठेवणे अशक्य होते. घरी आल्यावर थंड कॉइलच्या दोन्ही वायरी काढून मल्टिमीटरने मोजले, तेव्हा १.५ ओहम आले. कॉइल कोणत्या गाडीची आहे हे दुकानदारालाही सांगता येईना. तिच्यावर फक्त १२ व्होल्ट लिहिलेले आहे. बॅलास्ट रेझिस्टर मला तरी कुठे दिसत नाही. पॉइंट काढून पाहिले, तर दोन्ही तोंडे निळसर काळी पडलेली आहेत.

जुना_फिटर

मग कोडे सुटले. बारा व्होल्टच्या कॉइल दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात प्रायमरीचा रोध साधारण ३ ओहम असतो आणि ती थेट चावीवरून जोडायची असते. दुसऱ्या प्रकारात तो साधारण १.५ ओहम असतो आणि तिच्या मार्गात सुमारे तेवढ्याच रोधाचा बॅलास्ट लागतो. आपल्या गाडीला दुसऱ्या प्रकारची कॉइल पहिल्या पद्धतीने जोडली गेली आहे. चार्जिंग चालू असताना १४ व्होल्ट धरले तर पॉइंट मिटलेले असताना ३ ओहमच्या कॉइलमधून साडेचार अँपिअरच्या आसपास करंट वाहतो, तर आपल्या कॉइलमधून नऊच्या वर. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून बॅलास्ट असताना वाहिला असता त्याच्या दुप्पट करंटने त्याच गुंडाळीत तेवढ्याच वेळात चौपट उष्णता होते, आणि बाहेरून इंजिनची धग असतेच. मल्टिमीटरने घरी काहीच वावगे दाखवले नाही, कारण थंड झाल्यावर आतला तुटलेला सांधा पुन्हा टेकतो. पॉइंट निळे पडले तेही याच करंटमुळे.

आता बॅलास्ट लावून हीच कॉइल पुन्हा वापरू नका, तिचा आतला सांधा गेलेला आहे. दुकानात मल्टिमीटर घेऊन जा आणि काउंटरवरच मोजून ३ ओहमची कॉइल निवडा. डब्यावरच्या अक्षरांवर विसंबू नका.

एमएच१२_क्लासिक

कोणाला बॅलास्टवालीच कॉइल हवी असेल तर तिचा एक फायदा सांगतो. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या खाली उतरू शकतो, आणि नेमक्या त्या वेळी बॅलास्टला वळसा घालून कॉइलला थेट करंट देता येतो, त्यामुळे थंडीत गाडी लवकर चालू होते. पण त्यासाठी स्टार्टर सोलेनॉइडवर वेगळे टोक असावे लागते. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर वाईट नसतो. मात्र हाच जोड कायम ठेवून तो बसवला असता तर आधी तो जळाला असता आणि दोष त्याच्या माथी गेला असता.

देवरुख_एफसी

सर्वांचे आभार. आज ३.१ ओहमची कॉइल आणि नवे पॉइंट आणले आहेत. पॉइंट बदलल्यावर टाइमिंगही पुन्हा पाहावे लागते का? माझ्याकडे टाइमिंग लाइट नाही.

जुना_फिटर

पाहावेच लागते, कारण पॉइंटचे अंतर बदलले की ते उघडण्याची वेळही बदलते. आधी रोटर काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. तो जाणवण्याइतका हलत असेल तर बुश झिजले आहेत आणि त्यांचे काम केल्याशिवाय अंतर कधीच स्थिर राहणार नाही. शाफ्ट घट्ट असेल तर कॅमच्या टोकावर ०.५ मिलिमीटरचे फीलर गेज लावून अंतर ठेवा आणि कॅमला ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. जास्त लावलेत तर ते उडून पॉइंटवर बसते.

टाइमिंगसाठी तोच छोटा दिवा पुरतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरा आणि हँडलने इंजिन हळू फिरवा. आतून दाब जाणवू लागला की खुणेकडे लक्ष ठेवून पिस्टन वर पोचण्याच्या ५ अंश आधी थांबा. ही खूण काही इंजिनांत फ्लायव्हीलवर तर काहींत पुढच्या पुलीवर असते. दिवा कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावा, चावी चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून दिवा विझेपर्यंत तो रोटर फिरतो त्या दिशेने वळवा, आणि मग उलट दिशेने अगदी सावकाश परत आणा. दिवा ज्या क्षणी पेटतो तिथे बोल्ट आवळा आणि चावी लगेच बंद करा. प्लगचे अंतर ०.७५ मिलिमीटर आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. कॅप नवी असल्यामुळे वायरी एकदा त्या क्रमाने ताडून पाहा.