मदत! हॅलोविनचा स्लाइम जमत नाहीये, शुक्रवारपर्यंत २२ डब्या हव्यात

एडिसनची_आई

नमस्कार मंडळी. शुक्रवारी लेकीच्या वर्गात (दुसरी, वय ७) हॅलोविन आहे. दोन मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यामुळे शाळेने खाऊ आणायला मनाई केलीय. बाकीच्या आया शहाण्या आहेत, त्या पेन्सिली वाटणार. आमच्या बाईसाहेबांनी मात्र वर्गात परस्पर जाहीर करून टाकलं की माझी आई सगळ्यांसाठी स्लाइम (ग्लूचा तो चिकट, ताणला जाणारा खेळायचा गोळा) करणार आहे. आईने आयुष्यात स्लाइम केलेला नाही.

काल रात्री पहिला घाणा काढला. पांढऱ्या ग्लूची छोटी बाटली (१४७ मिली), अर्धा टेबलस्पून खायचा सोडा, हिरवा रंग आणि नवऱ्याचं लेन्सचं सोल्यूशन एक टेबलस्पून. ढवळलं. काही नाही. आणखी एक टेबलस्पून. काही नाही. मग मला चेव चढला आणि अर्धी बाटली रिकामी केली. पातेल्यात जे उरलं ते ताकापेक्षा जाड आणि खिरीपेक्षा पातळ होतं. नवरा आज चष्मा लावून ऑफिसला गेलाय.

सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "हा शेंबूड तू पोरांना वाटणार?" लेकीला ते नाव इतकं आवडलं की आता डब्यांवर "हडळीचा शेंबूड" असंच लिहायचं ठरलंय.

तर, माझं काय चुकलं? दोन औंसांच्या २२ डब्यांना किती ग्लू लागेल? आणि धाकटा दोन वर्षांचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. त्याला ताईसारखंच हवं असणार, त्याचं काय करू?

निवृत्त_मास्तर (नाशिक)

ताई, यजमानांची लेन्सची डबी उभी असते का, खाली बारीक चकती असलेली? असेल तर ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन आहे. त्याची टाकी ओतलीत तरी स्लाइम होणार नाही. बाटलीमागे बोरिक ॲसिड किंवा सोडियम बोरेट लिहिलेलं हवं. नसेल तर ती बाटली परत ठेवा.

कारण सांगतो, एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, राहवत नाही. ग्लूमध्ये पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या असतात, शिजवलेल्या शेवयांसारख्या एकमेकींवरून घसरणाऱ्या. बोरेट त्यांना जागोजागी गाठी मारतं. गाठी कच्च्या असतात, सुटतात आणि पुन्हा बसतात. म्हणून हळू ओढला तर स्लाइमला तार येते आणि हिसका दिला तर तो तुटतो. तुमच्याकडे शेवया होत्या, गाठ मारणारं कुणी नव्हतं. खायचा सोडा घालतात तो बोरिक ॲसिडचं बोरेट व्हावं म्हणून. एकटा सोडा काही करत नाही.

२२ डब्यांसाठी मी बोरॅक्स घेईन. आपला टाकणखार तो, तुमच्याकडे कपडे धुण्याच्या साबणांच्या रांगेत मिळेल. कपभर कोमट पाण्यात एक टीस्पून, पूर्ण विरघळेपर्यंत, आणि हे काम मोठ्यांनी करायचं. दुसऱ्या भांड्यात ग्लू आणि तितकंच पाणी, रंग त्यातच. मग टाकणखाराचं पाणी चमच्याचमच्याने घालत ढवळा. भांड्याची कड सुटली की थांबा आणि हाताने मळा. पाक एक तारेवरून दोन तारेवर कधी गेला ते कळत नाही ना, तसंच इथेही होतं. टाकणखाराचं पाणी जास्त झालं की रबर झालंच. चार बाटल्यांत पाण्यासकट सव्वा लिटरच्या आसपास होईल, डब्या काठोकाठ न भरता पुरेल.

जाता जाता: १९७६ साली मॅटेल कंपनीने हिरव्या कचरापेटीच्या आकाराच्या डबीत जो स्लाइम विकायला काढला, तो गवारीच्या डिंकाचा होता. आपण भाजी करतो तीच गवार. गाठी मारायला तिथेही टाकणखारच.

टोरांटोकर

मास्तर, माफ करा, पण हेल्थ कॅनडाने (इथल्या सरकारी आरोग्य खात्याने) २०१६ साली घरगुती स्लाइममध्ये बोरिक ॲसिड वापरू नका असं सांगितलंय. लहान मुलं रोज हाताळणार, तोंडात घालणार. आमच्या घरी बंद आहे. पेन्सिली काय वाईट?

निवृत्त_मास्तर (नाशिक)

मुद्दा रास्त आहे. म्हणूनच पाणी कालवणारे हात मोठ्यांचे, खेळून झालं की हात धुवायचे, आणि कातडीला जखम किंवा इसब असेल त्या मुलाला द्यायचा नाही. ताई, डबीबरोबर काय काय घातलंय त्याची चिठ्ठी द्या, म्हणजे कुठल्या आईला नको असेल ती ठरवेल. आणि धाकट्याला यातलं काहीही देऊ नका. वर लावायचे डुगडुगते डोळे आणि प्लॅस्टिकचे कोळीही त्याच्यापासून लांब, घशात अडकतील.

स्टुटगार्टची_सून

धाकट्यासाठी माझ्याकडे आहे! इथे बोरॅक्स सहजी मिळत नाही, म्हणून शोधलं. इसबगोल. हसू नका. एक टीस्पून इसबगोल मिक्सरमधून बारीक करायचं, कपभर पाण्यात रंग घालून ढवळायचं, मोठ्या भांड्यात मायक्रोवेव्हला लावायचं. दारापाशी उभी राहा, दुधासारखं उतू जातं. वर आलं की बंद, ढवळ, परत लाव. चार-पाच वेळा. मग पूर्ण गार होऊ दे, आत फार गरम राहतं. थरथरणारा, खरवसासारखा गोळा होतो. तार यथातथाच, पण दोन वर्षांच्या बाळाला तारेशी काय देणंघेणं? त्याच्याजवळ बसून मात्र राहा, घास भरायला देऊ नकोस.

उटणं_आणि_भोपळा (डॅलस)

एक अनुभवाचा सल्ला. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते, आठवतंय? आदल्या रात्री आमच्या कन्येने स्लाइम केसांत घेतला, तोही चमकीवाला. पहाटे अभ्यंगाला खोबरेल तेल जास्तच थापलं आणि फणीने सगळा सुटून आला. चमकी मात्र दिवाळीभर होती. गालिच्यावर पडला तर पांढरं व्हिनेगर ओत, पाच मिनिटांनी पूस.

अंधारात चमकवायचा असेल तर पारदर्शक ग्लू घे आणि पाण्याऐवजी टॉनिक वॉटर. त्यातलं कोयनेल काळ्या दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा ब्लॅक लाइट) निळं चमकतं. साध्या अंधारात नाही, आमचा त्यावरून रडून गोंधळ झाला होता.

एडिसनची_आई

झालं!! डबी उभीच होती, मास्तर. बाटलीमागे बोरॉनचा ब नाही.

टाकणखाराचा पहिला घाणा रबर झाला (चमचे मोजले नाहीत, चूक माझी). त्यात थोडा ग्लू आणि कोमट पाणी घालून मळत बसले, तर बराच सुधारला, पण तो घरीच ठेवला. पुढचे तीन मस्त. हिरवा, जांभळा आणि एक भोपळ्याचा केशरी, जो सासूबाईंच्या मते आमरसासारखा दिसतो. मळायला त्याच बसल्या होत्या, बाह्या सरसावून, पुरणाचा गोळा मळावा तशा. तार काढून दाखवताना त्यांचा हात खांद्यापर्यंत गेला. टोरांटोकर, चिठ्ठी लावली आहे. दोन आयांनी नको म्हणून कळवलं, त्यांच्या मुलांना पेन्सिली दिल्या. तुमचंच ऐकलं म्हणा.

वर्गात बाईंनी विचारलं की डबीवर काय लिहिलंय. लेकीने सगळ्यांना "शेंबूड" म्हणायला शिकवलं. "ड" कुणालाच जमत नाही.

इसबगोल तिसऱ्या खेपेला जमलं, पहिले दोन मायक्रोवेव्हच्या तळाशी आहेत. धाकटा खूश. फक्त सासरे सकाळपासून विचारतायत की त्यांचा डबा इतका खाली कसा गेला. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. इथे न्यू जर्सीत चांगलं इसबगोल कुठे मिळतं?