मासिकात बघून शिवलेले कपडे : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

माळा आवरताना वडिलांनी जमवलेले पुरुषांच्या इंग्रजी मासिकांचे अंक निघाले. सत्तरच्या दशकातल्या अंकांत फॅशनची जेमतेम चार पानं, तीही रुंद कॉलर आणि बेलबॉटमची. पुरुषांच्या फॅशनचं अमेरिकी मासिक 'जीक्यू' भारतात आलं २००८ साली. त्यानंतरचे माझे अंक शेजारी ठेवले. पान उलटलं की घड्याळ, बूट, सूट आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत किंमत. मासिकात बघून तुम्ही कधी काही शिवलंय? लिहा.
(मोती चौक, सातारा)

आमचं गणपती पेठेत टेलरिंगचं दुकान होतं. वडिलांना इंग्रजीचा गंध नाही, पण रद्दीवाल्याला सांगून ठेवलेलं, "सायबाचं पुस्तक आलं की आधी मला." मजकुराशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चित्रातल्या माणसाच्या बुटाकडे बघायचे. पॅन्ट बूट किती झाकते, त्यावरून बॉटमचे इंच काढायचे. चोवीसचा बॉटम आमच्या गल्लीत असाच आला.

एकदा एका नवरदेवानं डबल ब्रेस्टेड कोटाचं चित्र आणलं. चित्रातला माणूस समोरून उभा. पाठीला खाली कट, म्हणजे बसताना उघडणारी चीर, एक की दोन, कुणाला ठाऊक? वडिलांनी दिलाच नाही. नवरदेव मांडवात पाटावर बसला आणि कोट कानापर्यंत वर आला.

शेवटी शेवटी एक पोरगा नवा अंक घेऊन आला. वडिलांना आकडे वाचता यायचे. किंमत बघून त्यांनी अंक मिटला. "ह्यात शिवायचं काय हाय? हे इकत घ्यायचं हाय."
(सांगली)

वरच्या दादांचे वडील नकळत मुळालाच धरून होते की! 'जीक्यू'चं मूळ म्हणजे अमेरिकेत १९३१ साली निघालेलं 'अ‍ॅपरल आर्ट्स'. ते कापडवाल्यांसाठी, दुकानदारांसाठी होतं; आत कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत. गिऱ्हाइकं दुकानातून अंकच पळवायला लागली, म्हणून त्याच मंडळींनी १९३३ मध्ये 'एस्क्वायर' काढलं. 'जेन्टलमेन्स क्वार्टर्ली', म्हणजेच 'जीक्यू', हे नाव १९५७-५८च्या सुमाराचं. आम्ही यंत्रमागवाले, कापड चिमटीत धरल्याशिवाय पटत नाही. गुळगुळीत कागदावर सुती काय नि टेरिकॉट काय!
(विटा)

आमच्या सासऱ्यांना फॅशनची पानं आणि जाहिराती यांत फरकच कळायचा नाही. हल्ली मलाही कळत नाही.
(कराड)

माझी मात्र नव्या अंकांबद्दल तक्रार नाही. जुन्यात सगळे सहा फुटी गोरे. मी पाच फूट तीन, सावळा, वर पोट. बुटक्यानं पॅन्ट घोट्याशी गोळा होऊ देऊ नये, हे मला सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत चाळलेल्या अंकानं शिकवलं. घरी आलो आणि सगळ्या पॅन्टी टेलरकडे टाकल्या, दीड-दीड इंच कमी करायला.

त्यातली पहिली घालून ऑफिसात गेलो. शिपाईमामांनी खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "साहेब, कृष्णेच्या पुराचं पाणी आयर्विन पुलाला किती फुटांवर गेलंय?"
(विश्रामबाग, सांगली)