पोप आयर्लंडला आले तेव्हा तुम्ही कुठे होतात?

२५ आणि २६ ऑगस्ट २०१८ ला पोप फ्रान्सिस डब्लिनला आले होते. त्या दोन दिवसांबद्दल आपल्या माणसांशी बोलताना मला नेहमी एकच प्रश्न येतो, "एवढा विरोध का? तिथे तर सगळे ख्रिस्तीच ना?" म्हणून हा धागा.

त्या रविवारी दुपारी मी डब्लिनमधल्या गार्डन ऑफ रिमेंब्रन्स या बागेपाशी होते. लहानपणी एका धर्मगुरूच्या अत्याचाराला बळी पडलेले कॉलम ओ'गॉर्मन यांनी ती सभा बोलावली होती. आलेली माणसं धर्मद्वेष्टी नव्हती. बाप्तिस्मा झालेली, कॉन्व्हेंटात शिकलेली, कित्येकजण वयस्कर. घरच्यांनीच घरातल्या कर्त्याला जाब विचारावा, तसं ते होतं. गाणी झाली, भाषणं झाली, मग सगळे चालत शॉन मॅक्डरमट स्ट्रीटवरच्या मॅग्डलीन लाँड्रीपर्यंत गेलो. धर्मभगिनींनी चालवलेल्या अशा लाँड्र्यांमध्ये बायका-मुलींना कोंडून बिनपगारी राबवून घेत. ही शेवटची, १९९६ साली बंद पडली. १९९६! मी तेव्हा शाळेत होते.

१९७९ मध्ये जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा इथल्या फिनिक्स पार्कात दहा लाखांहून जास्त लोक मिस्सेला (सामूहिक उपासनेला) होते. यावेळी पाच लाख धरले होते, आले त्याच्या निम्म्याहूनही खूप कमी. मधल्या काळात २००५ चा फर्न्स अहवाल आला, २००९ मध्ये रायन आणि मर्फी. मुलांवरच्या अत्याचारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबल्या गेल्या हे त्यात कागदोपत्री आलं. दौऱ्याच्या दहा-बारा दिवस आधीच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाचा अहवाल आला होता. तीनशेच्या वर धर्मगुरू, हजाराच्या वर मुलं.

तुम्ही मोर्चात असा, मिस्सेला गेलेले असा किंवा घरी टीव्हीसमोर. लिहा. फक्त कुणा पीडिताची ओळख उघड होईल असं काही नको.

डब्लिन, नर्स

मी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. आमच्याकडे एक आजी होत्या, तरुणपण लाँड्रीत काढलेल्या. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, मला त्यांच्या भाचीकडून कळलं. धुतलेल्या चादरी ट्रॉलीतून आल्या की त्या हात मांडीखाली दाबून बसायच्या. त्यांच्यासमोर चादरीची घडी घालायची नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि याच आजी रोज रात्री जपमाळ म्हटल्याशिवाय झोपत नसत.

शनिवारी डब्लिन कॅसलमधलं पंतप्रधान लिओ वराडकर यांचं भाषण टीव्हीवर होतं. (हो, तेच. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवणजवळचं वराड.) पोप समोर बसलेले असताना त्यांनी लाँड्र्या, अविवाहित मातांसाठीची आई-बाळ गृहं, बेकायदा दत्तक, धर्मगुरूंचे अत्याचार, एकेक गोष्ट नाव घेऊन सांगितली. हा डाग चर्चवर आहे तसा आमच्या राज्यावर आणि समाजावरही आहे, असं म्हणाले. आजींनी मला आवाज वाढवायला सांगितला. भाषण संपल्यावर म्हणाल्या, "पाहुण्यासमोर बोलला हो पोरगा." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मिस्सेत पोपनी क्षमा मागितली. ज्या आयांपासून मुलं तोडली, त्यांना पुढे मुलांचा शोध घेणं हे महापाप आहे असं सांगितलं जायचं, त्याचाही उल्लेख केला. हे महापाप नाही, असं स्पष्ट म्हणाले. ते ऐकून आजी बराच वेळ रडल्या. त्यांचं कुणी हरवलं होतं का, ते मी विचारलं नाही.

डब्लिन, मूळची वसईची

मी मिस्सेला गेले होते. आमच्या घरी पोप म्हणजे परमगुरू. १९६४ मध्ये पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा माझी आजी ओव्हल मैदानावर गेली होती. लाल लुगडं नेसून, पहाटे निघून. ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग मी कशी न जाणार?

पाऊस, वारा, रस्ते बंद, तासन्‌तास पायपीट. आत गेले तर कठड्यांनी आखलेले चौकोनच्या चौकोन रिकामे. तिकिटं फुकट होती. काहींनी खोट्या नावांनी ढिगानं आरक्षित करून ठेवली आणि कुणी फिरकलंच नाही. निषेधाची ही पद्धत मला अजिबात पटली नाही, आजही पटत नाही. एखाद्या म्हातारीची जागा अडवून कुणाला न्याय मिळतो? वराडकरांनीही त्यावर टीका केली होती.

पण बाकीच्या विरोधाबद्दल माझ्या मनात राग नाही. माझ्या शेजारी एक आयरिश बाई एकटीच होती. तिची सख्खी बहीण त्याच वेळी गार्डन ऑफ रिमेंब्रन्सला होती. मी विचारलं, भांडण झालं का? ती म्हणाली, "छे. सकाळी चहा एकत्रच घेतला आम्ही. एकीनं इथे प्रार्थना करायची, एकीनं तिथे उभं राहायचं." परतताना तिनं बहिणीला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "तिकडे किती आले होते?"

गॉलवे

मी त्या दिवशी ट्यूमला होतो. गॉलवेहून फार लांब नाही. तिथल्या आई-बाळ गृहात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुलं दगावली. स्थानिक अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी स्वतःच्या खिशातले पैसे भरून एकेकाचा मृत्यूचा दाखला काढला, तेव्हा हा आकडा कळला. दफनाच्या नोंदी जवळजवळ नाहीतच. २०१७ मध्ये जुन्या सांडपाण्याच्या टाकीसारख्या बांधकामात लहान मुलांचे अवशेष असल्याचं चौकशी आयोगानं जाहीर केलं.

पोप पश्चिमेकडे नॉकच्या तीर्थक्षेत्री येऊन गेले, पण ट्यूमला आले नाहीत. तिकडे डब्लिनला मिस्सा आणि इकडे आमची मूक सभा, एकाच वेळी. घोषणा नाहीत, फलक थोडेच. मुलांची नावं वाचली. नाव आणि वय. काही महिने, काही आठवडे. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती, माझ्या खांद्यावर झोपली होती. चार महिने, अकरा महिने, सात महिने असं ऐकत उभं राहणं मला झेपेना. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी न विचारता छत्री माझ्या पोरीवर धरली. त्यांची बहीण त्या यादीत होती. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गॉलवेतल्या आम्हा भारतीयांना चर्च आणि राज्य यांचं जुनं साटंलोटं गर्भपात नाकारला गेल्यानंतर सविता हलप्पनवार गेली तेव्हा, २०१२ मध्ये, कळलं होतं. ती आमच्या बेळगावकडची. ट्यूमला कळलं की हे किती जुनं आहे.

लंडन

माझा अनुभव आधीचा, सप्टेंबर २०१० चा. पोप बेनेडिक्ट सरकारी पाहुणे म्हणून आले होते आणि खर्च जनतेच्या खिशातून, म्हणून बरेच चिडले होते. हाइड पार्क कॉर्नरवरून निघालेल्या मोर्चात मी विद्यार्थी म्हणून गेलो. फलक चटपटीत, वातावरण जत्रेसारखं. मग एक पन्नाशीचा माणूस स्वतःचा शाळेतला फोटो छातीशी धरून चालताना दिसला. फोटोखाली फक्त वय लिहिलेलं, दहा. बाकी फलकांवर काय होतं ते मी विसरलो.

एडमंटन, कॅनडा

२०२२ मध्ये जवळच्या मास्क्वासिसला पोप फ्रान्सिसनी निवासी शाळांबद्दल (आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या शाळा) क्षमा मागितली. गर्दीतून एक आदिवासी स्त्री उठली आणि क्री भाषेत गाऊ लागली, गालांवर पाणी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या क्री बाईंनी ते लगेच ओळखलं. त्या म्हणाल्या, "ती त्यांना आमचा कायदा ऐकवते आहे." त्या स्वतः गेल्या नव्हत्या. शाळांच्या दप्तरातली कागदपत्रं मिळेपर्यंत क्षमा ऐकायची नाही, असं त्यांच्या घरात ठरलं होतं.

वसई, निवृत्त शिक्षक

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) असा विषय काढला की "चर्चची बदनामी नको" हे पहिलं वाक्य येतं. २०१८ च्याच सप्टेंबरात केरळच्या धर्मभगिनी बलात्काराच्या तक्रारीवरून एका बिशपांविरुद्ध कोचीत रस्त्यावर बसल्या, तेव्हाही आलं. २०२२ मध्ये न्यायालयानं त्या बिशपांना निर्दोष सोडलं, हे इथे नोंदवतो. पण तक्रार करणारीला आधी तिच्याच लोकांनी गप्प बसवायचं, ही रीत मला मान्य नाही. मी चाळीस वर्षं वर्गात मुलांसमोर उभा राहिलो. मूल काही सांगू पाहत असेल तर ते पूर्ण ऐकायचं, मग सांगणाऱ्याचं बोट फादरकडे असो की हेडमास्तरांकडे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. "पुढे काय झालं" असं दोघांनी विचारलंय. लाँड्रीची जागा हॉटेलसाठी विकायचा बेत दौऱ्यानंतर महिन्याभरातच डब्लिनच्या नगरसेवकांनी हाणून पाडला. आता तिथे राष्ट्रीय स्मृती आणि संशोधन केंद्र व्हायचं आहे. ट्यूमचं उत्खनन जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. गॉलवेकर, त्या छत्रीवाल्या आजोबांशी संपर्क असेल तर कळवा. नातेवाइकांचे डीएनए नमुने घेतले जात आहेत, त्यांना कदाचित मदत लागेल.