मदत हवी आहे: पिकअपचे बुश बदलले, आता करकर थांबेना

हापूसवाला_पावस
मंडळी, तातडीने सांगा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांतले बुश बदलले, बोल्ट कचकचून आवळले, तरी प्रत्येक गतिरोधकावर करकर. गाडी धोंड्यासारखी ताठ झालीय. आणखी आवळू की ढिले करू? परवा पहाटे ६० पेट्या घेऊन वाशीला निघायचंय. 'गॅरेजला दाखवा' सांगू नका, गॅरेजवाला लग्नाला मुंबईत आहे.

गजालकार
अरे बाबा, गाडी खंयची ता सांग आधी. पाटे पुढचे की मागचे? बुश रबराचे की पितळेचे?

हापूसवाला_पावस
बोलेरो पिकअप. मागचेच असणार ना, आवाज मागून येतोय! रबरी बुश, आत लोखंडी नळी.

बंदरावरचा
जळकं ऑइल चोळ, बुशवर पण. मी २० वर्षं मिरकरवाड्यातून मासळी नेतोय. बर्फाचं खारं पाणी चेसीवर गळतं, तरी आवाज नाही.

निवृत्त_फिटर
रबराला ऑइल? रबर फुगतं, मग भुसभुशीत होतं. पाट्यांच्या मध्ये चोळा, बुशला लावू नका.
हापूसवाले, बोल्ट आवळताना चाकं जमिनीवर होती की हवेत?

बंदरावरचा
बुश काय सोन्याचा आहे? फुगला तर दुसरा टाकायचा.

घाटमाथा
ही गाडी विकून सीएनजीवाली घ्या. तसंही या हायवेवर पाटे टिकत नाहीत. कशेडीचा बोगदा झाला म्हणून घाट वाचतो, पण बाकीच्या खड्ड्यांचं काय?

हापूसवाला_पावस
विकायची नाहीये हो. चाकं हवेतच होती. चेसीखाली जॅक लावल्याशिवाय बोल्ट बसणार कसे?

निवृत्त_फिटर
बसवायचे हवेत, शेवटचे आवळायचे जमिनीवर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसीवरच्या हँगरच्या दोन कानांत घट्ट धरली जाते. ती फिरत नाही. पाटा हलला की रबरच पिळवटतं. तुम्ही एक्सल लोंबकळत असताना आवळलंत, म्हणून गाडी खाली उतरताच रबर पिळलं. वर पेट्या चढल्या की आणखी पिळणार. म्हणून ताठ. असंच चालवलंत तर बुश लवकर फाटतील.

एका बाजूला तीन बोल्ट: पुढच्या टोकाला एक, मागच्या टोकाला शॅकलचे (झुलत्या कडीचे) दोन. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून सहाही ढिले करा, काढू नका. मागचा हौदा चार वेळा दाबून सोडा, मग आवळा. पाटा एक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टना हात लावू नका. का, तेही सोडले होते?

झटपट_गन
इम्पॅक्ट गन लावा, दोन सेकंदांचं काम.

निवृत्त_फिटर
सोडायला गन चालेल. आवळायला टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. पान्यावर पाइप चढवून नाही.

हापूसवाला_पावस
उजवा पाटा पूर्ण उतरवला होता, म्हणजे त्या बाजूचे यू बोल्ट सोडले. जुनेच परत लावले, चांगले होते. डावीकडे पुढचा बोल्ट निघालाच नाही, गंजून नळीला चिकटलाय. म्हणून तिथे फक्त शॅकलचे बुश बदलले.

गजालकार
ह्या आता सांगतंस?

निवृत्त_फिटर
मग करकर बहुतेक डावीकडच्या त्या जुन्या पुढच्या बुशचीच. आणि यू बोल्ट एकदा ताणले की नटांसकट नवेच घालायचे, आडवे-तिडवे थोडेथोडे आवळायचे, शंभरेक किलोमीटर चालवून परत बघायचे. आत्ता टेप घ्या: पुढच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत, दोन्हीकडे. फरक आला तर पाटे मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसलेलं नाही. तशी गाडी भरू नका.

हापूसवाला_पावस
मोजलं, दोन्हीकडे सारखं. पाच बोल्ट जमिनीवर ढिले करून आवळले, ताठपणा गेला. करकर डावीकडून आहेच. सहाव्याचा नट फिरवला की बोल्ट सुटत नाही, उलट बोल्टसकट अख्खी नळी रबरात फिरते. वरून लाल पूड गळते, तोंडावर.

निवृत्त_फिटर
ती नळी फिरतेय म्हणजे रबर सुटलं. ठोकू नका, हँगरचा कान वाकेल. बुश आणि कान यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापा. नवा बोल्ट त्याच ग्रेडचा, डोक्यावर १०.९ असेल तर ८.८ नको. सरळ भागाला कॉपर ग्रीस चोळा, समुद्राजवळ एवढं तरी कराच. आट्यांना नको, त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

बंदरावरचा
म्हणजे ग्रीस लागलंच की शेवटी.

हापूसवाला_पावस
यू बोल्टचा सेट उद्या रत्नागिरीतून आणतो. पेट्या चुलतभावाच्या गाडीतून पाठवतोय. पातं अर्ध्यात आलंय, एक मोडलं.

गजालकार
ता जावंदे, पेटयेचो दर काय चललो हा?