नेरूळच्या दादांच्या मिसफायरबद्दल

दादा, नवी बॅरल बसवल्यापासून पॉइंट टू टू रायफल दहात दोन-तीनदा मिसफायर होते, म्हणजे घोडा ओढूनही गोळी उडत नाही म्हणताय, आणि इथे बहुतेकांनी थेट हेडस्पेसवर, म्हणजे बंद बोल्टपुढे (काडतुसामागे बसणाऱ्या खिट्टीपुढे) काडतुसासाठी राहणाऱ्या जागेवर बोट ठेवलंय. असेलही. पण आधी न उडालेली काडतुसं उजेडात धरून पाहा.

या काडतुसात ठिणगी देणारा मसाला (प्रायमर) बुडाच्या कडेला, रिममध्येच भरलेला असतो आणि हेडस्पेसही रिमच्या जाडीवरच ठरतो. दोन-दोन-तीन रेमिंग्टनसारख्या व्हार्मिंट (छोट्या उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीच्या) रायफलींत तो काडतुसाच्या खांद्यावर, म्हणजे ते निमुळतं होतं तिथे मोजतात, म्हणून तिकडचे उपाय इथे लावू नका. जागा जास्त असेल तर फायरिंग पिनचा (रिमवर आपटणाऱ्या टोकाचा) दणका काडतूस पुढे ढकलण्यातच जातो आणि रिमवर पुसट, उथळ खूण राहते. माझ्या रायफलीवर अगदी तशीच खूण होती. ठाण्याहून वरळीच्या रेंजवर जाऊन दोन रविवार फुकट गेले. शेवटी निघालं काय, तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) तोंडाशी मेण आणि काजळीचा कडक थर. रिम त्यावर गादीवर टेकावी तशी टेकत होती आणि पिनचा दणका त्यातच जिरत होता. ब्रॉन्झच्या ब्रशने साफ केल्यावर एकही फुसका नाही.

साफ करूनही तेच झालं तर परवानाधारक गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) गेज, म्हणजे ठरावीक जाडीचं मोजमाप, लावून घ्या. १.०९ मिमीच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, १.१७ वर नको. बोल्टमागे शिम (पातळ पत्र्याची चकती) घालायचा कुणी सल्ला दिला, तर तो कृपया घरी करून पाहू नका. रिम फुटली तर गॅस सरळ डोळ्यांवर येतो. चष्मा लावताय ना?