रास्ता रोको केला तर कोणती कलमं लागतात?

प्रश्न (बीड): सप्टेंबर 2025 च्या पुरात सोयाबीनसकट माती खरडून गेली, त्याआधी दुष्काळानं मारलं, हवामान असं फिरलंय तरी कुणी बोलंना म्हणून गावातली पोरं हायवेवर बसायचं म्हणतेत. पण त्यातले दोघं पोलीस भरतीची तयारी करतेत, केस झाली तर लेकरांचं कसं व्हायचं?

वकीलभाऊ, लातूर: शांततेनं जमायचा हक्क घटनेच्या कलम 19 मधेच आहे. 2024 ला माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क पण मानला. पण त्यानं रस्ता अडवायची सूट भेटत नाही दादा, दिल्लीतल्या शाहीनबाग आंदोलनाचा 2020 चा निकाल बघा, सार्वजनिक रस्ता अडवून बेमुदत बसता येत नाही असं कोर्टानं सांगितलं. जमावबंदी असंल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37 आणि ते मोडल्याच्या शिक्षेचं 135, रस्ता अडवला की बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 285, त्यात पाच हजारापर्यंत दंड.

धाराशिवकर: भरतीवाल्या पोरांना हायवेवर नेऊच नका. तहसीलसमोर धरणं धरा, आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या अन् पोच शिक्क्यासहित घ्या.

वकीलभाऊ, लातूर: बरोबर. अन् गुन्हा दाखल झालाच तर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात लपवू नका, लपवलेलंच जास्त भोवतं.

प्रश्न (बीड): अर्ज उद्याच देतो.